खाज एकाची, औषध साऱ्या गावाला

खरूज झालेल्या माणसाच्या अख्ख्या अंगावर बहुधा दहा-पंधराच माइट, म्हणजे खरूज करणारे अतिसूक्ष्म किडे, असतात. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात बीळ पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. माइट, तिची अंडी आणि विष्ठा यांची शरीराला ॲलर्जी होते आणि रात्र रात्र झोपू न देणारी खाज सुटते. मात्र पहिल्यांदाच लागण झाली असेल, तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. खरा पेच इथेच आहे. या काळात त्या माणसाला काहीच त्रास नसतो, पण त्याच्यापासून इतरांना लागण होत असते. खाजवणाऱ्या एकट्यालाच मलम दिले की तो बरा होतो आणि घरातल्याच कुणाकडून तरी पुन्हा खरूज घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात कोणत्याही वेळी सुमारे २० कोटी लोकांना खरूज असते. तरी दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत तिला जागा मिळाली ती थेट २०१७ मध्ये. खाजेने कुणी मरत नाही, या समजाने फार नुकसान केले आहे. खाजवून सोललेल्या त्वचेतून स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आत शिरतात. फोडांत पू होतो, कधी जंतुसंसर्ग रक्तात पसरतो, कधी मूत्रपिंडांना सूज येते. यात सर्वाधिक भरडली जातात ती लहान मुले.

दुसरा समज अस्वच्छतेचा. माइट त्वचेच्या आत असते, अंघोळीने ती धुऊन जात नाही. ती पसरते दाटीवाटीमुळे, त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहिल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफिल्ड येथे कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी खरूज झालेल्यांची पांघरुणे निरोगी स्वयंसेवकांना वापरायला दिली, तेव्हा लागण अगदी मोजक्यांनाच झाली. रुग्णाला लाज वाटावी असे या आजारात काहीही नाही.

मग उपाय काय? लक्षणे असोत वा नसोत, सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यायचे. ही कल्पना प्रशांत महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशात नीट तपासली गेली. बेटांवरच्या तीन समुदायांत मिळून दोन हजारांवर लोक होते. एका ठिकाणी नेहमीप्रमाणे फक्त रुग्ण आणि त्यांच्या निकटच्या माणसांना माइट मारणारे परमेथ्रिन मलम दिले, दुसरीकडे सर्वांना तेच मलम, तिसरीकडे सर्वांना आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाच्या गोळ्या. वर्षभराने पहिल्या ठिकाणी खरजेचे प्रमाण निम्म्यावर आले होते. मलम सर्वांना दिले तिथे ते ४१.७ टक्क्यांवरून १५.८ टक्क्यांवर उतरले आणि गोळ्या दिल्या तिथे ३२.१ वरून १.९ टक्क्यांवर! त्वचेवरचे पुवाचे फोडही कमी झाले, तेही प्रतिजैविके सरसकट न वाटता. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते गोळीचे मोठे बळ तिच्या सोपेपणात आहे. मलम मानेपासून तळव्यांपर्यंत चोळून रात्रभर ठेवावे लागते, गर्दीच्या घरात ते कितीदा नीट जमणार? गोळी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळता येते. पुढे सॉलोमन बेटांच्या एका प्रांतात सुमारे २६ हजार लोकांपर्यंत हीच पद्धत नेली गेली. २०१९ मध्ये खरजेवरील औषध म्हणून आयव्हरमेक्टिनचा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला. जिथे दहा टक्क्यांहून अधिक लोकांना खरूज आहे, तिथे सामूहिक औषधोपचार करावा, असे तज्ज्ञांनी सुचवले आहे.

अडचणी मात्र आहेत. गरोदर स्त्रिया आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाची मुले यांना सामूहिक मोहिमेत ही गोळी देत नाहीत. त्यांच्यासाठी मलम सोबत न्यावेच लागते, आणि ते विसरले तर आजार नेमका लहानग्यांमध्ये टिकून राहतो. शिवाय आयव्हरमेक्टिनने अंडी मरत नाहीत, म्हणून एक-दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. दूरच्या बेटांवर किंवा डोंगराळ वस्त्यांत सगळे पथक पुन्हा पाठवणे खर्चाचे काम. मॉक्सिडेक्टिन हे त्याच गटातले औषध शरीरात कितीतरी जास्त दिवस राहते. अंड्यांतून नंतर बाहेर पडणाऱ्या माइटही त्याच्या एकाच डोसात मराव्यात, या अपेक्षेने त्याचा अभ्यास सुरू आहे.