शिफारशीच्या चिठ्ठीला दर लागला तेव्हा

२०१२ च्या मे महिन्यात दादरला मामांच्या साडीच्या दुकानात बसलो होतो. भर लग्नसराई, तरी वेबसाइटवरून येणारे फोन थंडावले होते. मामांनी एक एक्सेल शीट पुढे केली. अंधेरीची एक एजन्सी बिलासोबत दर महिन्याला ती पाठवायची. दीडेकशे वेबसाइट आणि प्रत्येकीपुढे, मामांच्या साइटकडे नेणाऱ्या लिंकचा एकच मजकूर: 'बेस्ट पैठणी इन मुंबई'. त्यात पोलंडमधला नळदुरुस्तीवाला होता, कुत्र्यांच्या खाद्याचं दुकान होतं, कॅसिनोही होता. पैठणीचा उल्लेख या मंडळींनी का करावा, हे मामांनी कधी विचारलं नव्हतं. साइट तेव्हा गुगलच्या पहिल्या पानावर होती ना!

याचं मूळ १९९८ मध्ये आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेली पेजरँकची कल्पना शोधनिबंधांच्या जगातून आली होती. ज्या निबंधाचा दाखला इतर जण जास्त देतात, तो वजनदार. तसंच ज्या पानाला इतर पानं लिंक देतात ते महत्त्वाचं, आणि देणारा जितका मोठा तितकी लिंक भारी. आपल्याकडे नोकरीसाठी साहेबांची चिठ्ठी चालायची, त्यातलाच प्रकार. २००० मध्ये गुगलने ब्राउझरच्या टूलबारमध्ये शून्य ते दहा असा पेजरँक दाखवायला सुरुवात केली. माझ्या मते खरा घोळ इथे झाला. चिठ्ठी कोणाची किती वजनाची हे आकड्यात दिसू लागलं, आणि आकडा दिसला की दर ठरतो.

मग लिंकांचा बाजारच उभा राहिला: डिरेक्टऱ्या, एकमेकांना लिंका देण्याचे करार, ब्लॉगखाली बॉटने टाकलेल्या प्रतिक्रिया. जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने 'नोफॉलो' आणलं. ही खूण असलेली लिंक शिफारस म्हणून मोजायची नाही. बाजारावर फार परिणाम झाला नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या जुन्या दुकानसाखळीचं प्रकरण 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बाहेर काढलं. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शोधांत ती वर होती, कारण संबंध नसलेल्या शेकडो साइटवर तिच्या हजारो लिंका पेरलेल्या होत्या. आम्हाला कल्पना नव्हती, असं कंपनीने सांगितलं आणि एसईओवाल्यांना, म्हणजे साइट शोधात वर आणून देणाऱ्यांना, काढून टाकलं. तरी घसरली ती कंपनीच. पुढच्या जानेवारीत तर पैसे मोजलेल्या लिंकांवरून गुगलने स्वतःच्याच क्रोमचं पान साठ दिवसांसाठी खाली ढकललं.

मामांना ज्याने गाठलं ते पेंग्विन, बनावट लिंका हेरणारं गुगलचं २४ एप्रिल २०१२ चं अपडेट. सूचना नाही, नोटीस नाही. सगळं अल्गोरिदमने ठरवलेलं. वर ते अधूनमधूनच चालायचं, त्यामुळे लिंका साफ केल्या तरी पुढच्या फेरीपर्यंत थांबणं आलं. २०१४ नंतरची फेरी यायला जवळपास दोन वर्षं लागली. त्या काळात बुडालेल्यांचं काय झालं असेल, याचा विचारच नको.

सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन सतत चालू लागलं आणि साइट पाडण्याऐवजी बनावट लिंकांकडे दुर्लक्ष करू लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलची स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंका विकणाऱ्या साइटही हेरू लागली. म्हणजे आता बहुतेकदा पैसे वाया जातात एवढंच. पण माणसाने तपासून केलेली कारवाई, 'मॅन्युअल ॲक्शन', अजून आहेच. आणि दर तर आजही व्हॉट्सॲपवर येतात, फक्त पेजरँकच्या जागी 'डीए' (डोमेन ऑथॉरिटी) लिहिलेलं असतं. हा आकडा गुगलचा नाहीच, एका खासगी टूल कंपनीचा आहे. गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

मामांची साइट घसरली त्याच वर्षी, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, गुगलने 'डिसअव्हाउ' टूल दिलं: नको असलेल्या लिंकांची साधी टेक्स्ट फाइल करून पाठवायची. दिवाळीआधीचे दोन रविवार दुकानात बसून मी आणि मामांनी ती केली.

"म्हणजे पैसे देऊन जोडलेल्या ओळखी आता लेखी नाकारायच्या?" मामांनी विचारलं.

हो म्हटलं, आणि नळदुरुस्तीवाल्याचं नाव टाइप केलं. एजन्सीचं ऑक्टोबरचं बिल शेजारीच पडलं होतं.