अपूर्णांकाची रेघ म्हणजे न लिहिलेला कंस

सीएसएमटीहून ठाण्याला जायला स्लो लोकलला फास्टपेक्षा २० मिनिटे जास्त लागतात असे धरू. स्लोचा सरासरी वेग ताशी ३४ किमी आणि फास्टचा ५१ किमी. अंतर क्ष किमी मानले तर समीकरण असे:

क्ष/३४ − क्ष/५१ = १/३

वेग तासाचा आहे, म्हणून उजवीकडे मिनिटे चालत नाहीत. १/३ च्या जागी २० लिहिले तर ठाणे २०४० किमी लांब जाते!

३४, ५१ आणि ३ यांचा लसावि १०२. प्रत्येक पदाला १०२ ने गुणले की छेद निघून जातात: ३क्ष − २क्ष = ३४, म्हणून क्ष = ३४. रेल्वेमार्गाने हे अंतर खरोखरच ३४ किमी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी एवढीच धावली होती. १/३ ऐवजी ०.३३ घेतले असते तर उत्तर ३३.६६ आले असते, म्हणजे ३४० मीटर कमी. छेद आधी घालवावेत ते यासाठीच.

आता अंशात दोन पदे असलेले, जिथे मुले हमखास अडकतात:

(क्ष + ३)/४ − (क्ष − २)/६ = २

छापील पुस्तकात अंशाला बहुधा कंस नसतो, नुसती आडवी रेघ असते. ती रेघच कंसाचे काम करते. १२ ने गुणताना कंस लिहायचाच:

३(क्ष + ३) − २(क्ष − २) = २४
३क्ष + ९ − २क्ष + ४ = २४
क्ष = ११

उणे २ गुणिले उणे २ म्हणजे अधिक ४. कंस गाळला की तिथे −४ पडतो आणि उत्तर १९ येते. दुसरी चूक उजवीकडे होते: २ ला छेद दिसत नाही म्हणून तो तसाच ठेवला जातो. मग क्ष = −११. दोन्ही बाजूंना एकाच संख्येने गुणले तरच बरोबरी टिकते, त्यामुळे पूर्णांकही सुटत नाही.

ताळा मूळ समीकरणातच करावा. मधल्या ओळीत केला तर तिच्या आधीची चूक सापडत नाही. १४/४ − ९/६ = ३.५ − १.५ = २, जमले.

मात्र ही युक्ती बरोबरचे चिन्ह असेल तरच वापरायची. ‘क्ष/४ + क्ष/६ ला सोपे रूप द्या’ या प्रश्नात दुसरी बाजूच नाही. तिथे १२ ने गुणून ५क्ष लिहिणे चूक, उत्तर ५क्ष/१२.