महामार्गाकडेचा कचरा उचलायचा कोणी (ग्रामीण विदर्भ)

मोठ्या रस्त्याच्या साईडपट्टीवर, नालीत आणि मोरीच्या (रस्त्याखालून पाणी जायच्या नळाच्या) तोंडाशी साचलेला कचरा उचलायचं काम रस्ता ज्याच्या ताब्यात त्याचं असतं, गाव जवळ आहे म्हणून ते गावाचं होत नाही. खेड्यात हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि सगळे सरपंचाच्या नावानं ओरडत बसतात.

रस्ता कोणाचा हे किलोमीटरच्या दगडावरून कळतं. डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य मार्ग. हिंगणघाट, पांढरकवड्याकडे जाणारा 44 नंबर किंवा अमरावती-अकोला-मलकापूरचा 53 नंबर हे राष्ट्रीय, आणि टोलच्या पट्ट्यात ज्या कंपनीकडे देखभाल दिलेली असते तिच्या कामात रस्ता साफ ठेवणं, मेलेली ढोरं उचलणं हेही येतं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, त्याखालचे इतर जिल्हा मार्ग आणि गावरस्ते जिल्हा परिषदेकडे, समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाकडे (एमएसआरडीसी).

ग्रामपंचायतही सुटत नाही. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी गावातल्या प्लास्टिकची जबाबदारी तिच्यावर टाकली, वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच दिलेल्या निधीतून स्वच्छतेला पैसाही येतो. पण खरा घोळ फाट्यावर होतो, तिथे ढाबा आणि पानठेला गावच्या माणसाचा, जमीन रस्त्याच्या हद्दीतली आणि फेकणारा गाडीवाला तिसऱ्याच जिल्ह्यातला, मग ग्रामपंचायत म्हणते हद्द आमची नाही, रस्तेवाले म्हणतात कचरा गावाचा आहे, आणि घंटागाडी फाट्याच्या अलीकडूनच वळून जाते.

विदर्भात या कचऱ्यात सगळ्यात जास्त दिसते ती खर्र्याची पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिकचा तुकडा. खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना) पन्नीवरच घोटतात आणि त्याच पन्नीत बांधून देतात, खाणारा तोंडात टाकतो आणि पन्नी खिडकीतून बाहेर. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिक बंदी आहे, पहिल्यांदा सापडलं तर 5000 रुपये दंड आहे, तरी पानठेल्यावर पन्नी चालूच आहे, आणि माझ्या मते कारवाई इथूनच सुरू व्हायला पाहिजे कारण एवढीशी पन्नी एकदा उडाली की कोणी वेचू शकत नाही.

नुकसान होतं ते रस्त्याला लागून वावर असलेल्या शेतकऱ्याचं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या धुऱ्याजवळची मोरी काकांनी आणि मी फावड्यानं उकरली तर पन्न्या, बिसलरीच्या बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळी असं गुडघाभर निघालं, सगळं गाळात थापून बसलेलं. ती तशीच राहिली असती तर जूनच्या पहिल्या मोठ्या पाण्यात लोंढा वावरात घुसून नुकतीच निघालेली पराटी (कपाशी) सडली असती. ढोरं पन्नी खातात ते वेगळंच, ती पोटात गोळा होऊन बसते.

काही ठिकाणी कचरा उचलण्याऐवजी तिथेच पेटवून देतात, त्यात कडेचे निंब-बाभूळ बुडापासून करपतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्येच मनाई केली आहे, दंडही आहे.

गाडगेबाबांचा जन्म याच भागातला, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा (1876), बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, त्यामुळे इथे श्रमदानाला माणसं अजूनही निघतात. पण धावत्या ट्रकांच्या बाजूला, अंगात चमकणारं जॅकेट नसताना, शाळेची पोरं महामार्गावर उतरवू नयेत, हे काम कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं.

राष्ट्रीय महामार्ग असला तर 1033 वर फोन करता येतो. बाकी रस्त्यांसाठी बांधकाम उपविभागात किंवा पंचायत समितीत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि कचऱ्याच्या फोटोत किलोमीटरचा दगड आकड्यासकट येऊ द्यावा, म्हणजे हद्द आमची नाही असं म्हणता येत नाही.