आंबे आंबट असतात, पण निष्कर्ष चुकीचा

सर्व आंबे फळं आहेत. काही फळं आंबट असतात. म्हणून काही आंबे आंबट असतात.

वाचताना कुठेच खटकत नाही. तिन्ही वाक्यं खरी आहेत. तरी बँकेच्या भरती परीक्षेत, जिथे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो का ते विचारतात, याचं उत्तर ‘निष्कर्ष निघत नाही’ असंच येईल, आणि ते बरोबर आहे. शब्द बदलून पाहा: सर्व मांजरं प्राणी आहेत, काही प्राणी कुत्रे आहेत, म्हणून काही मांजरं कुत्रे आहेत. मांडणी तीच, पण आता चूक लपत नाही. आंबट फळांमध्ये आंबे आहेत की नाहीत, हे पहिल्या दोन वाक्यांवरून ठरतच नाही. ते आपल्याला चवीवरून आधीच ठाऊक होतं.

ही फसगत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवली. तर्कात न बसणारा निष्कर्ष ऐकायला पटणारा असला, की लोकांनी तो ७१ टक्के वेळा मान्य केला. न पटणारा असला, की फक्त १० टक्के वेळा. तर्कशुद्ध निष्कर्षांचीही सुटका नव्हती: पटणारे ८९ टक्के वेळा स्वीकारले गेले, न पटणारे ५६ टक्केच. म्हणून परीक्षेतल्या ‘सर्व ढग झाडं आहेत’ छापाच्या विधानांना हसू नये. ती आपल्या माहितीला बाहेर ठेवतात. (आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय तत्त्वज्ञानात, मात्र असली विधानं चालली नसती. तिथे धुरावरून आग सिद्ध करतानाही, धूर आणि आग एकत्र दिसतात अशा स्वयंपाकघराचा दाखला द्यावा लागतो.)

असे प्रश्न सोडवताना प्रत्येक गटासाठी एक अशी वर्तुळं काढायची, हे बहुतेकांना माहीत असतं. ऑयलर आणि नंतर व्हेन या गणितज्ञांमुळे ती रूढ झाली. गडबड पुढे होते. विधानांना जुळणारं एक चित्र निघालं, त्यात निष्कर्ष बसला, की विद्यार्थी थांबतो. खरं तर विधानं पाळूनही निष्कर्ष खोटा ठरेल असं चित्र शोधायचं असतं. एकही पेन झाड नाही. सर्व ढग झाडं आहेत. म्हणून एकही ढग पेन नाही. हा मोडून पाहा. ढगांचं वर्तुळ पूर्णपणे झाडांच्या आत, आणि पेनांना झाडांना शिवायची मुभा नाही. मग पेन ढगांपर्यंत पोहोचणार कुठून? चित्र निघत नाही, म्हणजे निष्कर्ष पक्का.

‘सर्व’, ‘एकही नाही’, ‘काही’ आणि ‘काही नाहीत’ अशा प्रकारची दोन विधानं आणि एक निष्कर्ष यांच्या एकूण २५६ मांडण्या होतात. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्कशास्त्रात त्यांतल्या २४ वैध मानतात, आधुनिक तर्कशास्त्रात १५. उरलेल्या ९ मांडण्यांचा वाद एका प्रश्नाचा आहे: ‘सर्व’ म्हटलं की निदान एक तरी आहे, असं धरायचं का? ‘वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या सर्व मुलांना बक्षीस मिळेल’ ही घोषणा, तसं एकही मूल नसलं तरी खोटी पडत नाही. आधुनिक तर्कशास्त्र म्हणून ‘सर्व’वरून ‘काही’ काढू देत नाही. स्पर्धा परीक्षा इथे जुन्या पद्धतीने चालतात: ‘सर्व पेन झाडं आहेत’ दिलं असेल, तर ‘काही पेन झाडं आहेत’ यावर बिनधास्त खूण करावी.