दोन वॅट पुरतात: कॉम्प्युटरला हाय-फाय स्पीकर जोडताना

मामाकडे एक जुनी म्युझिक सिस्टीम होती. तिचा डेक कधीच गेला, पण स्पीकर धडधाकट, लाकडी खोक्यातले, मागे लाल-काळे टर्मिनल असलेले, ज्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात तसे. घर बदलताना ते माझ्याकडे आले. मी काय केलं, जुन्या हेडफोनची वायर कापली, टोकं सोलली, स्पीकरला बांधली आणि पिन कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात घातली. गाणं लावलं, व्हॉल्युम शंभर. आवाज आला, नाही असं नाही, पण शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी रेडिओ लावलाय असा. मामाला फोन केला तर तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "अरे, मधे अँप्लिफायर कोण लावणार, मी?"

तर आधी हे हिरवं भोक काय देतं ते बघू. त्यातून जास्तीत जास्त एखाद-दोन व्होल्ट मिळतात. व्होल्ट तसे कमी नाहीत, अडचण करंटची आहे. ते सर्किट पुढच्या यंत्राला सिग्नल नुसता दाखवण्यासाठी बनवलेलं असतं, आणि पुढचं यंत्र म्हणजे अँप्लिफायर, ज्याच्या इनपुटचा रोध (करंटला होणारा अडथळा) साधारण १० हजार ओहम किंवा जास्त, म्हणजे १ व्होल्टला जेमतेम ०.१ मिलिअँपिअर. स्पीकर असतो ८ ओहमचा, त्याला त्याच १ व्होल्टला १२५ मिलिअँपिअर पाहिजेत, हजार पटीहून जास्त. गच्चीवर टाकी भरलेली आहे, प्रेशर ठीक आहे, पण खाली येणारी नळी सलाईनची, आणि आपण तिच्यावर ऊस भिजवायला निघालोय, असा प्रकार. समजा त्या भोकाच्या आतला रोध १०० ओहम धरला, तर १ व्होल्टातला बहुतेक भाग आतच जिरतो आणि स्पीकरला मिळतात ०.०७ व्होल्ट, म्हणजे एक मिलिवॅटसुद्धा नाही.

मग अँप्लिफायर घ्यायचा ठरलं आणि पुढचा प्रश्न तोच जो सगळे विचारतात: किती वॅटचा घेऊ?

आपल्याकडे या वॅटचं खूळ कुठून आलं हे ज्यांनी ९० च्या दशकात कॉम्प्युटर घेतला त्यांना आठवत असेल. त्या प्लॅस्टिकच्या स्पीकरांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं, १२०० वॅट पीएमपीओ. आणि सोबत येणाऱ्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात, ९ व्होल्ट, ०.५ अँपिअर. गुणाकार करा, साडेचार वॅट. साडेचार वॅट आत जातात आणि बाराशे बाहेर येतात, असं यंत्र खरंच असतं तर लोडशेडिंगच्या काळात आम्ही त्यावर अख्खी सोसायटी चालवली असती. पीएमपीओ म्हणजे एका क्षणापुरता, काहीही गृहीत धरून काढलेला आकडा, त्याचं मोजमाप कसं करायचं याला काही ठरलेला नियमच नव्हता.

खरा हिशोब स्पीकरच्या मागच्या दुसऱ्या आकड्यापासून सुरू होतो, तो म्हणजे सेन्सिटिव्हिटी. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरांवर ८५-८६ डेसिबल वगैरे लिहिलेलं असतं, याचा अर्थ १ वॅट दिला तर १ मीटरवर तेवढा आवाज. आता टेबलावर आपलं डोकं स्पीकरपासून ७० सेंटिमीटरवर असतं, म्हणून ३ डेसिबल वाढले, स्पीकर दोन आहेत म्हणून आणखी ३, म्हणजे एकेका वॅटला ९२. हे किती, तर बाजूला वरात चालल्यासारखं. घरात बऱ्यापैकी मोठ्यानं ऐकायचं म्हटलं तर सरासरी ८० पुरतात, आणि १० डेसिबल कमी म्हणजे वॅट दहा पट कमी असा नियम असल्यामुळे त्याला लागतात फक्त ०.०६ वॅट. हो, शून्य पूर्णांक सहा शतांश. तबल्याची थाप पडली की क्षणभर सरासरीच्या १५ डेसिबल वर जाईल, तेव्हा २ वॅट. संपलं. २० वॅटचा अँप घेतला तरी तो आयुष्यभर आराम करणार.

इथे उलटी बाजू सांगायला हवी. २० चा अँप टाकून ४० चा घेतला तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, जो कानाला 'जरासा वाढला वाटतं' इतकाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहा पट वॅट. दुकानदार हे सांगत नाही, का सांगेल?

मी शेवटी तळहाताएवढा एक क्लास-डी अँप घेतला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे ढिगानं मिळतात. यांची गंमत अशी की जुना अँप्लिफायर नळासारखा अर्धवट उघडा राहून करंट सोडतो आणि त्यात बरीच वीज नुसती गरम होण्यात जाते. क्लास-डीवाला एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद, आणि सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप करतो. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद यातच गाणं लपवलेलं असतं, आणि शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर ती उघडझाप गाळून सुरेल भाग स्पीकरला देतात. ९० टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, म्हणून एवढ्याशा डब्याला लॅपटॉपसारखा अडॅप्टर चालतो.

वायरीबद्दल दोन ओळी. सोन्याच्या भावानं विकल्या जाणाऱ्या स्पीकर वायरी आपण घ्यायच्या नाहीत. १ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला ०.०१७ ओहम, दोन मीटरची जाऊन-येऊन वायर म्हणजे ०.०७, स्पीकरच्या ८ ओहमपुढे एक टक्कासुद्धा नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी वायर झकास चालते. फक्त लाल ते लाल आणि काळा ते काळा बघून जोडा. मी एका बाजूला उलटी जोडली होती, एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतात आणि गायक समोर बसल्यासारखा न वाटता दोन्ही कानांच्या मागे कुठेतरी विरघळतो. दोन दिवस मी मामाच्या स्पीकरना नावं ठेवत होतो.

आणि मग ती घूंऽऽ.

गाणं बंद केलं तरी स्पीकरमधून घूं. माउस हलवला की त्यात बारीक चर्रर्र. हा खरा विषय आहे, वॅट वगैरे मोहमाया. होतं काय, कॉम्प्युटर तीन पिनचा, त्याचा पत्रा अर्थिंगला जोडलेला. अँपसुद्धा तीन पिनच्या अडॅप्टरवर असेल तर तोही अर्थिंगला. आता ऑडिओ केबलची बाहेरची जाळी या दोन पत्र्यांना परत एकदा जोडते, म्हणजे अर्थिंगच्या वायरीतून एक आणि ऑडिओ केबलमधून दुसरी, अशी एक बंद वेटोळी तयार होते. हाच ग्राउंड लूप. दोन प्लगांच्या अर्थिंगमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला की या वेटोळ्यात करंट फिरतो, आणि जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे तो फरक थेट गाण्यात मिसळतो. समजा एकच मिलिव्होल्ट मिसळला, तर अँप बिचारा इमानदार, गाण्याला वीस पट करतो तसं यालाही वीस पट करतो.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घूं ५० आणि तिच्या पटीतल्या १००, १५० वर येते. पेटीच्या भाषेत १०० हर्ट्झ म्हणजे मंद्रातली पांढरी पाच, किंचित चढी. आता गवई काळी एकमध्ये गात असेल तर त्याच्या षड्जाला ही पांढरी पाच लागते तीव्र मध्यम! म्हणजे यमन लावला तर एक वेळ खपून जाईल, पण बागेश्रीच्या खाली घराचं वायरिंग चढा तीव्र मध्यम धरून बसलंय हे कसं सहन करायचं. तानपुरा सुरू झाला की लगेच कळतं.

अर्थिंग नीट नसेल तर प्रकार वेगळाच. जुन्या घरात कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, त्याचं कारण एसएमपीएसमधले, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले, फिल्टरचे छोटे कपॅसिटर. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींमधून पत्र्याला जोडलेले असतात, त्यांचा करंट अर्थिंगमधून निघून जावा अशी योजना. अर्थिंगच नसेल तर पत्रा अध्येमध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकतो. करंट अगदी नगण्य, पण तो जायला वाट शोधतो आणि ती वाट आपली ऑडिओ केबल असते. म्हणून कुणी सल्ला दिला की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, घूं जाईल, तर घूं कदाचित जाईलही, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर अख्खे २३० व्होल्ट पत्र्यावर येतील आणि त्यांना जायला वाट उरेल ती तुमच्यातून. हे करू नका, अजिबात.

करायचं ते असं की आधी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डमध्ये लावून बघा, वेटोळं लहान झालं की अर्ध्या वेळा तिथेच काम होतं. माझ्याकडे घूं गेली, चर्रर्र राहिली. ती कॉम्प्युटरच्या पोटातली, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड करंट खेचतात त्याची. त्यावर पक्का इलाज म्हणजे मधला विजेचा संबंधच तोडणे. मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट असेल, तोशिबानं १९८३ मध्ये आणलेला तो लाल उजेडवाला, तर सोन्याहून पिवळं, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकच्या तंतूतून उजेड जातो, घूं जात नाही. पुढे एक छोटा डॅक लागतो, जो आकड्यांचे परत व्होल्ट करतो. डॅकनं आवाजाला 'उब' येते वगैरे जे लिहितात ते मला काही ऐकू आलेलं नाही, सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने माणसाच्या कानाला पुरून उरतात आणि मदरबोर्डवरची चिपही ते काम बरं करते. डॅकचा उपयोग तिला त्या गोंगाटातून बाहेर काढण्यासाठी.

एवढं करूनही गाणं डब्यातल्यासारखं वाटत होतं, आणि त्याला जबाबदार होतं टेबल. माझ्या टेबलावर ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा पडदा, २५ सेंटिमीटर उंचीवर, कान ४५ वर, मधे ६५ चं अंतर. आवाज एकदा सरळ येतो आणि एकदा टेबलाला टप्पा खाऊन. पायथागोरस लावला तर टप्प्याची वाट २७ सेंटिमीटरनी लांब निघते. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी नेमकी एवढी, तो दोन वाटांनी उलटसुलट येऊन स्वतःलाच मारतो, हवेतला वेग ३४३ मीटर धरला तर हा सूर ६३० हर्ट्झच्या आसपास, गळ्याच्या ऐन भरणीतला. पुढे त्याच्या तिप्पट, पाचपट ठिकाणी परत खड्डे. स्पीकर टेबलावरून उचलून मागे स्टँडवर ठेवले, टप्प्याची जागा टेबलाच्या बाहेर गेली, आणि फरक इतका की बायकोनं विचारलं, नवीन घेतलेस का.

गंमत म्हणजे जवळ बसून ऐकायचा छोटा स्पीकर ही कल्पना जुनीच आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं आणि कपाटाएवढ्या स्पीकरांचं काम लहान खोक्यात बसवलं. पुढे ७० च्या दशकात बीबीसीनं आपल्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर बनवला, आतली जागा तेलाच्या पाच लिटरच्या डब्याएवढी, कारण गाडीत इंजिनिअरचं नाक आणि स्पीकर यांच्यात अंतरच नसायचं. आपलं टेबल म्हणजे तीच गाडी.

माझ्या स्पीकरना मात्र मागे भोक आहे. ते मडक्याच्या तोंडासारखं काम करतं, आतली हवा ठराविक सुराला घुमते आणि खर्ज वाढवते. भिंतीपासून लांब असतील तर छान. माझ्या खोलीत मागे हातभर जागा नाही, भिंत खर्ज परत फेकते आणि तबल्याचा बायाँ दोन घरं पुढे पोचतो. तिथे दोन जुने मोजे गुंडाळून कोंबलेत, धुतलेले.

आता रात्री गाणं बंद पण अँप चालू असताना ट्वीटरला कान लावला तर अगदी बारीक सस्स्स ऐकू येतं. ती घूं नाही, या सस्स्सचा काही भाग रोधांमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेनं होणाऱ्या वळवळीचा, १९२८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मोजून दाखवलेला. तो भाग पूर्ण घालवायचा तर खोली उणे २७३ अंशांपर्यंत थंड करावी लागेल, आणि आमच्याकडे एसी २६ च्या खाली नेला की घरात वेगळाच आवाज सुरू होतो.