ऑडी हे लघुरूप नाही

इंदूरच्या रामबागेत सकाळी पोहे-जिलबी खाताना समोर एखादी ऑडी येऊन थांबली, की कुणीतरी काका हमखास सांगतात, "ऑडी म्हणजे ऑटो युनियन डॉइचलँड इंगोलश्टाट." मीही हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण ते खरं नाही, आणि खरी गोष्ट याहून फार सुंदर आहे.

आउगुस्ट होर्श या जर्मन अभियंत्याने स्वतःच काढलेली कंपनी सोडली आणि 1909 मध्ये दुसरी सुरू केली. जुन्या कंपनीने हरकत घेतली. स्वतःचंच आडनाव वापरायची बंदी! मग भागीदाराच्या घरी नावावर खल चालला असताना, कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करत बसलेल्या त्याच्या मुलाने तोडगा सुचवला. जर्मनमध्ये 'होर्श' म्हणजे 'ऐक'. लॅटिनमध्ये तेच 'आउडी'. ऑडिओ, ऑडिटोरियम हे शब्दही त्याच धातूचे. 1910 पासून हे नाव गाड्यांवर आलं.

ऑटो युनियन जन्मली 1932 मध्ये, ऑडीसह चार कंपन्या मिळून. जाळीवरची एकमेकांत अडकलेली चार कडी त्यांचीच. इंगोलश्टाट या जर्मन शहराशी संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. मग 1910 चं नाव त्यावरून कसं पडेल?

फियाट आणि बीएमडब्ल्यू ही मात्र खरोखरच आद्याक्षरं आहेत, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे.

उच्चाराचं म्हणाल, तर जर्मन लोक 'आउडी' म्हणतात. आपलं 'ऑडी' इंग्रजीतून आलं आणि मराठीत रुळलं. तसं म्हणणाऱ्याला कुणी हसू नये.