लॉक, बॉबी

लॉक, बॉबी : (२० नोव्हेंबर १९१७ – ९ मार्च १९८७). दक्षिण आफ्रिकेचा व्यावसायिक गोल्फपटू. मूळ नाव आर्थर डार्सी लॉक. ब्रिटनमधील ‘द ओपन’ ही स्पर्धा त्याने चार वेळा (१९४९, १९५०, १९५२, १९५७) आणि दक्षिण आफ्रिका ओपन नऊ वेळा जिंकली. जन्म तत्कालीन ट्रान्सव्हालमधील जर्मिस्टन येथे. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स हा त्याचा लहानपणीचा आदर्श. त्यावरूनच ‘बॉबी’ हे नाव पडले, असे मानले जाते.

सतराव्या वर्षी, १९३५ मध्ये, त्याने दक्षिण आफ्रिकेची हौशी आणि खुली अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. १९३७ मध्ये खुली स्पर्धा पुन्हा हौशी म्हणूनच जिंकली. १९३६ मध्ये हॉयलेक आणि १९३७ मध्ये कार्नूस्टी येथील द ओपनमध्ये हौशी खेळाडूंत तो पहिला आला. १९३८ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी आयरिश ओपन व न्यूझीलंड ओपन, तर १९३९ मध्ये डच ओपन त्याच्या नावावर लागली. दक्षिण आफ्रिका ओपनमधील त्याचे विजय १९३५, १९३७ ते १९४०, १९४६, १९५०, १९५१ व १९५५ या वर्षांचे आहेत. युद्धामुळे १९४१ ते १९४५ ही स्पर्धा झाली नाही, हे ध्यानात घेतले तर १९३७ ते १९४६ हे सलग पाच विजय ठरतात. दक्षिण आफ्रिकेच्याच गॅरी प्लेअरने पुढे तेरा विजय मिळवून हा विक्रम मागे टाकला.

या नऊ विजयांचे मोल ठरवताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ही स्पर्धा त्या काळी व्यवहारात गोऱ्या खेळाडूंपुरतीच होती. डर्बनचा भारतीय वंशाचा गोल्फपटू सेवसुंकर ‘पापवा’ सेवगोलम याने लॉकच्याच यादीतली डच ओपन १९५९, १९६० व १९६४ अशी तीन वेळा जिंकली. मायदेशातल्या मोठ्या स्पर्धांची दारे मात्र त्याला मोजक्या वेळाच उघडली आणि नंतर बंद झाली. लॉकच्या जुन्या चरित्रनोंदींत याचा उल्लेख सहसा आढळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लॉक दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. युद्धापूर्वीचा सडपातळ तरुण परतला तो बऱ्यापैकी स्थूल होऊन. गुडघ्याखाली बांधलेली ढगळ विजार, पांढरे बूट, गळ्यात टाय, पांढरी टोपी आणि संथ चाल हे त्याचे परिचित रूप याच काळातले.

वळणारा फटका : लॉकच्या खेळाबद्दल सर्वाधिक लिहिले गेले आहे ते चेंडूच्या वळणाविषयी, आणि सर्वाधिक गोंधळही तेथेच आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू लक्ष्याच्या उजवीकडून निघून डावीकडे वळत आला, तर त्यास ड्रॉ म्हणतात. वळण जास्त असेल तर हुक. ड्रायव्हर या लांब फटक्याच्या क्लबपासून (चेंडू मारण्याची काठी) वेज या आखूड फटक्याच्या क्लबपर्यंत लॉक जवळजवळ प्रत्येक फटका याच आकाराचा मारी.

ही पद्धत त्याने केव्हा पत्करली याविषयी थोडा मतभेद आहे. काहींच्या मते तो आकार त्याच्या हातात मुळातच होता. १९३६ च्या ब्रिटन दौऱ्यात आपला फटका इतरांपेक्षा आखूड पडतो हे लक्षात आल्यावर त्याने तो जाणीवपूर्वक घडवला, हे दुसरे मत. दुसऱ्या मताला तांत्रिक आधार आहे. ड्रॉ मारताना क्लबचे तोंड (चेंडूला भिडणारा पृष्ठभाग) झोक्याच्या मार्गाच्या तुलनेत किंचित मिटलेले असते, त्यामुळे आघाताच्या क्षणी त्याचा प्रत्यक्ष उतार (मागे कललेला कोन) कमी होतो. चेंडू खालून जातो, त्याची उलटी फिरकी कमी राहते आणि कडक फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) तो पडल्यानंतर बराच घरंगळतो. ब्रिटनमधील समुद्रकाठच्या लिंक्स मैदानांवर हा लाभ मोठा होता. तेव्हा ब्रिटिश नियमांखाली चालणारा १.६२ इंच (४१.१५ मिमी) व्यासाचा लहान चेंडू वाऱ्यातही अमेरिकेतील १.६८ इंची (४२.६७ मिमी) चेंडूपेक्षा कमी भरकटे. लॉक दोन्ही चेंडूंनी जिंकला, ही बाब त्याच्या विजयांच्या नुसत्या यादीतून कळत नाही.

उभे राहण्याची त्याची रीत अशी : उजवे पाऊल मागे ओढलेले, खांदे व कंबर लक्ष्याच्या बरीच उजवीकडे रोखलेली, क्लब मागे नेताना अंगाच्या आतल्या बाजूने आणि खाली येताना आतून बाहेर. त्या काळची शिकवण अशी की, चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो. म्हणून तोंड थेट लक्ष्याकडे ठेवावे. आघाताची मापने आता उलटे सांगतात. चेंडूची सुरुवातीची दिशा सुमारे तीन-चतुर्थांश ते ८५ टक्के क्लबच्या तोंडावर ठरते आणि वळण तोंड व मार्ग यांतील कोनावर. मार्ग लक्ष्याच्या उजवीकडे ६ अंश आणि तोंड ३ अंश असेल, तर चेंडू साधारण साडेतीन अंश उजवीकडे निघून परत येतो. तोंड खरोखरच लक्ष्याकडे असते, तर चेंडू जेमतेम उजवीकडे निघून लक्ष्याच्या पार डावीकडे गेला असता. लॉकचे तोंड आघाताच्या क्षणी उजवीकडेच उघडे असणार, त्याचे स्वतःचे वर्णन काहीही असो.

तो ४५ अंश उजवीकडे नेम धरी, या सांगोवांगीलाही येथेच उत्तर मिळते. १८० मीटरच्या फटक्यात ४५ अंश म्हणजे १८० मीटर बाजूला; असे वळण कोणत्याही चेंडूला शक्य नाही. मात्र खांद्यांची रेषा १० अंश उजवीकडे असली तरी ती १८० मीटरवर सुमारे ३२ मीटर बाजूला पोहोचते, आणि मागून पाहणाऱ्याला खेळाडू शेजारच्या फेअरवेवर मारतो आहे असे वाटते. अंगाची रेषा आणि चेंडूची सुरुवातीची दिशा यांची गल्लत झाल्यामुळे आकडा फुगला असावा.

ही पद्धत उसनी घेणाऱ्यांचे सहसा दोन प्रकारे बिघडते. खालचे अंग पुढे सरकून हात मागे राहिले, तर तोंड मिटत नाही आणि चेंडू सरळ उजवीकडे निघून जातो. ते टाळण्यासाठी मनगटे घाईने उलटवली, तर तोंड फार मिटते आणि चेंडू खालून, झपाट्याने डावीकडे जातो. हा दुसरा दोष अधिक महाग, कारण कमी फिरकीचा चेंडू रफमध्येही (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) घरंगळत राहतो. लॉकची लय संथ होती आणि फटक्यागणिक बदलत नसे. वळण त्यामुळे आटोक्यात राही. मैदानाच्या एकाच बाजूची चिंता करावी लागणे, हा त्याचा खरा फायदा. उजवीकडे पाणी असलेल्या होलवरही तो पाण्यावरूनच चेंडू काढी.

पटिंग : ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू लोटण्याच्या फटक्याला पट आणि त्याच्या क्लबला पटर म्हणतात. लॉकचा पटर हिकरी लाकडाच्या दांडीचा होता. पोलादी दांडीला सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट संस्थेने १९२९ मध्येच मान्यता दिली होती, तरी त्याने तो बदलला नाही. उजवे पाऊल काही इंच मागे, चेंडू डाव्या पावलाच्या बोटांसमोर, दोन्ही अंगठे दांडीवर सरळ खाली आणि पकड सैल. प्रथम चेंडूपासूनची उतरण, मग कपाभोवतीच्या (चेंडू पडण्याच्या खळग्याभोवतीच्या) सुमारे तीन फुटांतील गवताचा कल तो न्याहाळी. चेंडूचा वेग तेथेच सर्वांत कमी असतो आणि गवत त्याला तेथेच ओढते. पाहणाऱ्याच्या बाजूने गवत चकाकत असेल तर कल पुढे, म्हणजे चेंडू जलद; काळपट दिसेल तर कल उलट, चेंडू मंद. दक्षिण आफ्रिकेतील दाट, एका दिशेला कललेल्या गवताच्या ग्रीनवर वाढलेल्या खेळाडूला ही नजर लवकर येते. त्यानंतर दोन सराव-झोके, एक पाऊल पुढे, कपाकडे एक नजर आणि फटका. या क्रमात तो सहसा बदल करीत नसे.

चेंडू कपाशी जवळजवळ थांबत पोहोचावा, हा त्याचा आग्रह. अशा चेंडूला कपाची एकाहून अधिक दारे उघडी असतात, असे तो समजावी. गणितही त्याच्या बाजूचे आहे. कपाचा व्यास ४.२५ इंच (१०८ मिमी). सपाट ग्रीनवर कपाच्या काठाशी चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर असेल, तर तो अगदी मध्यावरून आला तरच पडतो. वेग शून्याकडे झुकला की जवळजवळ पूर्ण व्यास उपयोगी येतो. मंद पटची किंमत मात्र द्यावी लागते. उतारावर चेंडू अधिक वळतो, ठसे व खळगे त्याला सहज हलवतात, आणि वेग थोडा कमी पडला तरी तो कपापर्यंत पोहोचत नाही.

लॉक पटलाही हुक देत असे काय, हा त्याच्या खेळाविषयीचा जुना वाद आहे. आपण पटर आतून मागे नेतो, तोंड किंचित मिटलेले ठेवतो आणि त्यामुळे चेंडूला पुढची फिरकी मिळते, असे तो सांगे. ही रीत त्याने १९३७ मध्ये वॉल्टर हेगन या अमेरिकन खेळाडूकडून घेतली, ही परंपरागत माहिती ग्राह्य धरण्यास हरकत नाही, कारण लॉक स्वतः हेगनचे ऋण मान्य करी. स्पष्टीकरण मात्र टिकत नाही. पटर आणि चेंडू यांचा स्पर्श अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास असतो. चेंडू आधी घसरतो, मग गवताच्या घर्षणाने लोळू लागतो. सुरुवातीला फिरकी नसेल तर शुद्ध लोळण सुरू होताना त्याचा वेग मूळच्या ५/७ उरतो. उभ्या अक्षाभोवतीची फिरकी लोळणाऱ्या चेंडूला अर्थपूर्ण वळण देत नाही. बाजूला वळण यायचे तर आडवा अक्ष कललेला हवा, आणि त्याचाही परिणाम घसरणीच्या अल्प काळातच होतो.

तेव्हा प्रत्यक्षात काय घडत असावे? मार्ग आतून बाहेर, तोंड त्या मार्गाच्या तुलनेत मिटलेले. दोन चुका एकमेकींना छेदून चेंडू कपाच्या रेषेवर निघे. तोंड मिटल्याने पटरचा जो ३-४ अंशांचा उतार असतो तो कमी होई, चेंडू कमी उसळे आणि लवकर लोळू लागे. वळण म्हणून प्रेक्षकांना जे दिसे ते बहुधा उतरणीचे आणि गवताच्या कलाचे होते. अनुकरण करणारे तोंड मिटवतात पण मार्ग बदलत नाहीत. त्यांचा चेंडू कपाच्या डावीकडे जातो.

अमेरिकेतील कारकीर्द : १९४६ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या द ओपनमध्ये अमेरिकेचा सॅम स्नीड पहिला आणि लॉक जॉनी बुला याच्यासह दुसरा आला. त्यानंतर स्नीड दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळण्यास आला. सोळा सामन्यांपैकी बारा लॉकने जिंकले, दोन स्नीडने, दोन बरोबरीत राहिले. स्नीडच्याच सांगण्यावरून तो १९४७ मध्ये अमेरिकेत गेला. हंगामास उशिरा सुरुवात करूनही त्याने त्या वर्षी सहा स्पर्धा जिंकल्या आणि बक्षीस रकमेत जिमी डेमारेटच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला. सुमारे अडीच वर्षांत ५९ स्पर्धा, ११ विजय, ३० वेळा पहिल्या तिघांत असा त्याचा हिशेब दिला जातो. १९४८ मध्ये शिकागोनजीक मिडलोथियन येथे त्याने १६ फटक्यांच्या फरकाने जिंकलेली स्पर्धा अमेरिकन दौऱ्यातील सर्वाधिक फरकाच्या विजयांत मोजली जाते. युएस ओपन त्याला कधीच मिळाली नाही. १९४७ मध्ये बरोबरीत व १९५१ मध्ये एकट्याने तिसरे स्थान, येथवरच त्याची मजल गेली.

१९४९ मध्ये अमेरिकन व्यावसायिक संघटनेने त्याला बंदी घातली. ठरलेल्या स्पर्धांना व सामन्यांना तो आला नाही, हे कारण देण्यात आले. अमेरिकन खेळाडूंच्या मिळकतीला लागलेली कात्री हे खरे कारण, असे त्याच्या काही प्रतिस्पर्ध्यांनीच पुढे बोलून दाखवले. दोन्हींत तथ्य असावे. पण गैरहजेरीसाठी एवढी कडक शिक्षा होण्यामागे दुसऱ्या कारणाचा वाटा अधिक वाटतो. बंदी पुढे उठली, तरी तो अमेरिकेत पूर्ण वेळ परतला नाही.

द ओपन : १९४९ मध्ये सँडविच येथील रॉयल सेंट जॉर्जेसवर लॉक व आयर्लंडचा हॅरी ब्रॅडशॉ २८३ फटक्यांवर (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो) बरोबरीत राहिले. दुसऱ्या फेरीत पाचव्या होलवर ब्रॅडशॉचा चेंडू फुटक्या बाटलीत जाऊन बसला होता आणि त्याने तो तसाच, काचेसकट मारला. या प्रसंगाची चर्चा फार होते. पण ३६ होलच्या निर्णायक लढतीत लॉकने १३५ विरुद्ध १४७ असा बारा फटक्यांनी विजय मिळवला, हे पाहता बाटलीला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. १९५० मध्ये ट्रूनवर त्याची बेरीज २७९. या स्पर्धेत २८० च्या आत कोणी प्रथमच आले होते. १९५२ मध्ये रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्सवर त्याने ऑस्ट्रेलियाच्या पीटर टॉमसनला एका फटक्याने मागे टाकले. १९४९ ते १९५८ या दहा स्पर्धांपैकी आठ या दोघांत विभागल्या गेल्या; मॅक्स फॉकनर (१९५१) आणि बेन होगन (१९५३) एवढेच अपवाद.

१९५७ ची स्पर्धा मुळात म्युरफील्डला व्हायची होती. सुएझ संकटानंतरच्या पेट्रोलटंचाईमुळे ती सेंट अँड्र्यूजला हलवली. तेथे लॉकने २७९ फटक्यांत टॉमसनवर तीन फटक्यांनी मात केली. शेवटच्या ग्रीनवर त्याची चेंडूच्या जागी ठेवलेली खूण सहखेळाडू ब्रूस क्रॅम्प्टन याच्या रेषेत येत होती, म्हणून त्याने ती पटरच्या डोक्याइतकी बाजूला सरकवली. नियमाप्रमाणे चेंडू ठेवण्यापूर्वी तेवढेच अंतर मोजून परत यावे लागते. लॉक विसरला आणि सरकवलेल्या जागेवरूनच पट मारला. ही चूक चित्रफितीत पकडली गेली, पण तोवर चषक देऊन झाला होता. चुकीच्या जागेवरून खेळल्याचा दोन फटक्यांचा दंड धरला तरी विजय एका फटक्याने राहतो. अडचण अशी की, दंडाविना सही केलेले गुणपत्रक चुकीचे ठरे आणि त्या काळी त्याची शिक्षा बाद होणे ही होती. लॉकला कोणताही लाभ झाला नव्हता आणि आघाडी तीन फटक्यांची होती, या आधारावर समितीने निकाल कायम ठेवला. नियमांचे कडवे अभ्यासक या निर्णयावर आजही समाधानी नाहीत. टॉमसनच्या बाजूने तो बदलावा, असे मात्र फारसे कोणी म्हटलेले नाही.

याच दशकात त्याने फ्रेंच ओपन (१९५२, १९५३), जर्मन व स्विस ओपन (१९५४) आणि ऑस्ट्रेलियन ओपन (१९५५) जिंकल्या. त्याच्या मोटार अपघाताचे साल काही नोंदी १९५९ तर काही १९६० देतात. डोळ्याची दुखापत आणि नंतरची डोकेदुखी यांमुळे वरच्या दर्जाची त्याची कारकीर्द तेथेच संपली. रॉयल अँड एन्शंटने १९७६ मध्ये त्याला सन्माननीय सदस्यत्व दिले आणि १९७७ मध्ये जागतिक गोल्फ कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. जोहान्सबर्ग येथे त्याचे निधन झाले.